सुंता, रक्तस्राव आणि रक्ताची तपासणी

मुलाची सुंता आठव्या दिवशी करावी अशी तोराची आज्ञा आहे (उत्पत्ती १७:१२, लेवीय १२:३). कोकणात आपल्या पूर्वजांना पुष्कळ गोष्टींचा विसर पडला, परंतु शब्बाथ व सुंता त्यांनी सोडली नाही. मात्र या आज्ञेला धर्मशास्त्रानेच एक मर्यादा घातली आहे. ती आईबापांना, तसेच आजीआजोबांनाही ठाऊक असावी.

धर्मशास्त्र काय म्हणते?

तालमूदच्या येवामोथ भागात (६४ब) हा प्रश्न आला आहे. सुंतेमुळे एका आईचे दोन मुलगे दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे रब्बी यहूदा हनासी यांचे मत. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्या मते तीन दगावल्यावर थांबावे. तेथेच सिप्पोरी गावच्या चार बहिणींची हकीकत आहे. तिघींचे मुलगे सुंतेनंतर मेले, तेव्हा चौथीला रब्बान शिमोन यांनी मनाई केली. पुढे बाराव्या शतकात रामबाम यांनी, जे स्वतः वैद्य होते, असा नियम लिहिला की दोन मुलगे गेल्यास, ते एकाच नवऱ्याचे असोत वा दोघांचे, तिसरा मोठा व सशक्त होईपर्यंत थांबावे. म्हणजे दोष आईच्या बाजूने येऊ शकतो, हे आपल्या विद्वानांनी ओळखले होते.

आजचे शास्त्र

या दोषाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हिमोफिलिया. रक्त गोठण्यासाठी अनेक घटक एकामागून एक कामास लागतात. साखळीतली एक कडी तुटली की गुठळी नीट धरत नाही. आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ए व नववा कमी असला तर हिमोफिलिया बी. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता निम्मी असते. राणी व्हिक्टोरिया अशीच वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडल्यामुळे रक्तस्राव होऊन वारला. पण सुमारे एक तृतीयांश रोग्यांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा रोग नसतो.

प्रयोगशाळेत काय करतात?

रक्त सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. नऊ भाग रक्त व एक भाग सायट्रेट हे प्रमाण लागते. म्हणून नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. मग नळी यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढतात, त्यात पुन्हा कॅल्शियम व चालना देणारा पदार्थ घालतात आणि गुठळी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. पी.टी. व ए.पी.टी.टी. अशा या दोन चाचण्या. हिमोफिलियात पी.टी. ठीक येते, ए.पी.टी.टी. लांबते.

मग निरोगी माणसाचा द्रव मिसळून पाहतात. वेळ सुधारली तर एखादा घटक कमी आहे असे समजते. याच युक्तीने १९५२ साली ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज व सहकाऱ्यांनी स्टीफन ख्रिसमस या मुलाचा रोग वेगळा असल्याचे दाखविले. त्याचे रक्त व नेहमीच्या हिमोफिलियाचे रक्त एकमेकांची उणीव भरून काढीत होते. तोच आजचा हिमोफिलिया बी.

एक इशारा. तान्ह्या बाळाची ए.पी.टी.टी. मुळातच मोठ्यांपेक्षा लांब असते, आणि फॉन विलेब्रांड रोगात साध्या चाचण्या ठीक येऊ शकतात. म्हणून घराण्याची हकीकत अहवालाइतकीच मोलाची.

आपण काय करावे?

१. मामा, मावसभाऊ किंवा आजोबा यांना दात काढताना वा शस्त्रक्रियेत जास्त रक्त गेले होते काय, हे विचारावे. बायकांना पाळीत अतिशय रक्त जात असेल तर तेही लाजून लपवू नये.

२. आपली मुले आता अश्केनाझी घराण्यांतही लग्ने करतात. त्यांच्यात अकराव्या घटकाची उणीव इतरांपेक्षा अधिक आढळते, व ती मुलामुलींना सारखीच येते. दोन्ही बाजूंची चौकशी करावी.

३. जन्मानंतर बाळाला व्हिटॅमिन के दिले आहे ना, ते सुईणीला विचारावे.

४. शंका असल्यास मोहेलला व डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्ततज्ज्ञांचा निर्णय येईपर्यंत सुंता पुढे ढकलावी.

पुढे ढकलल्याने आज्ञा मोडत नाही. जीव राखणे हीदेखील तोराचीच आज्ञा आहे. शालोम.