बीहूनचा नाश्ता आणि ‘माझा रविवार’



मी सिंगापुरात दर शनिवारी मराठीचा एक छोटा वर्ग घेते. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू शिकता येते, मराठी नाही. त्यामुळे आपली बरीचशी मुलं शाळेत हिंदी घेतात आणि मराठी उरते ती घरात, नाहीतर अशा वर्गात.

‘माझा रविवार’ हा निबंध दिला होता. दहा वर्षांच्या एका मुलाने लिहिलं, ‘कोंबडा आरवला. आजीने चुलीवर भाकरी केली.’ हा मुलगा अकराव्या मजल्यावर राहतो! मी विचारलं, “खरं सांग, रविवारी काय करतोस?” म्हणाला, “बाबांबरोबर खाली कोपीतियाममध्ये बीहून खायला जातो. पण टीचर, ते मराठीत कसं लिहिणार?”

तुमच्याही वर्गात असं लिहिणारी मुलं असतील. आपण घोटून घेतलेले निबंध वाचून त्यांना वाटतं की मराठीत फक्त कोंबडा आणि चूल बसते, आपलं जगणं बसत नाही. मला तर ते ऐकून रात्री झोप आली नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला सगळ्यांना घेऊन खालच्या कोपीतियाममध्येच गेले. ‘कोपी’ हा मलय शब्द, म्हणजे कॉफी. ‘तियाम’ हा होक्कियन, म्हणजे दुकान. वसाहतीच्या इमारतीखाली बाजू उघड्या असलेली जागा, गोल टेबलं, एक पेयांचा गाळा आणि बाकी खाण्याचे. मुलांना ऑर्डर नीट ऐकायला सांगितली. ‘कोपी-ओ कोसोंग’. ‘ओ’ म्हणजे होक्कियनमध्ये काळी, ‘कोसोंग’ म्हणजे मलयमध्ये रिकामं. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी! नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर डब्यातलं गोड घट्ट दूध घातलेली येते. एका वाक्यात दोन भाषा, आणि ऑर्डर देणारे आजोबा तिसरीच बोलणारे. मग मराठी वाक्यात ‘बीहून’ आलं तर काय बिघडलं?

नंतर बीहूनच्या काचेपाशी उभे राहिलो. बीहून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या. पहाटेच परतून मोठ्या ट्रेमध्ये ठेवतात. वर काय हवं ते बोटाने दाखवायचं: कोबी, तळलेलं अंडं, फिशकेक, कोंबडीचा पंख. जेवढे जिन्नस तेवढे पैसे. गव्हाच्या पिवळ्या नूडल्सना ‘मी’ म्हणतात. इथे मुलं जी सुटली! “टीचर, मी मी खाणार!” “ताटात मी आहे!” सर्वनाम आणि नाम यांतला फरक इतका पटकन मी कधीच शिकवला नव्हता.

खाताना एकच नियम ठेवला, ‘छान’ आणि ‘टेस्टी’ हे शब्द बंद. मग शब्द शोधावे लागले. शेवया मोकळ्या आहेत की गुंता झालाय? तेलकट की चिकट? एकीने सुर्रकन ओढली, तिला ‘भुरका’ हा शब्द मिळाला. मालवणकडची एक मुलगी म्हणाली, “आमची आजी शिरवाळे करते, तांदळाचेच, पण नारळाच्या गोड रसात.” तिचा निबंध तिथेच तयार झाला म्हणा ना.

दोन घरं शाकाहारी, त्यामुळे मी आधी जाऊन चौकशी केली होती. हे तुम्हीही कराच, कारण साध्या गाळ्यावर डुकराचं मांस असू शकतं. चिनी शाकाहारी बीहूनचा गाळा बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. काही बौद्ध लोक चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, आणि त्यांच्या त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. एका मुलाने फोनवर आजीला हे सांगितलं. आजी म्हणाली, “मग आपल्या चातुर्मासासारखंच की रे!”

एका आईने विचारलंच, “मराठीच्या वर्गात चिनी नाश्ता कशाला?” प्रश्न रास्त आहे. मी त्यांना त्या मुलाची नवी वही दाखवली: ‘बाबा कोपी-ओ पितात. त्यांचा फोन खिशात असतो. मी हळू खातो, म्हणजे लवकर घरी जावं लागत नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. वही दोनदा वाचली.

तुम्ही नेणार असाल तर नऊच्या आत जा, नंतर बीहून संपत जातं. दुसऱ्या देशात असाल तर तिथल्या कोपऱ्यावरचं दुकान चालेल, पुण्यात असाल तर अमृततुल्यही. चारपाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं. निबंध लगेच लिहून घेऊ नका, एक दिवस मध्ये जाऊ द्या. आणि खाऊन झाल्यावर ट्रे मुलांनाच उचलायला लावा. इथे 2022 पासून कॉफीशॉपमध्येही ते बंधनकारक आहे, टाळलं तर दंड होऊ शकतो.