‘विश्वासार्हता’ : शब्दाचा अर्थ आणि पाण्याचा हिशेब

‘विश्वासार्हता’ हा शब्द शासकीय टिपणीत, प्रकल्प अहवालात आणि ग्रामसभेच्या चर्चेत वारंवार येतो. तथापि तो सर्वत्र एकाच अर्थाने योजला जातो असे नाही. अर्थाची ही तफावत केवळ भाषेपुरती राहत नाही. कधी कधी तिचा परिणाम उभ्या पिकावर होतो.

‘विश्वास’ आणि ‘अर्ह’ या दोन शब्दांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. ‘विश्वास’च्या मुळाशी ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे हा संस्कृत धातू आहे. निर्भयपणे, मोकळा श्वास घेता येणे हा त्यातील भाव. ‘अर्ह’ म्हणजे योग्य. नोकरभरतीच्या जाहिरातीतील ‘अर्हता’ याच कुळातील होय. म्हणजे विश्वास ही ठेवणाऱ्याच्या मनाची वृत्ती, तर विश्वासार्हता हा ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याचा गुण ठरतो.

या शब्दाच्या जवळचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. माणूस ‘विश्वासू’ असतो, तर बातमी किंवा बियाणे ‘खात्रीलायक’ असते. ‘हमी’चे स्वरूप मात्र वेगळे आहे. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यातील ‘हमी’ म्हणजे कायद्याने स्वीकारलेले बंधन होते. विश्वासार्हता असे बंधन घालत नाही. मागील अनुभवावरून पुढे किती अपेक्षा धरावी, एवढेच ती सांगते.

पाटबंधाऱ्यांच्या नियोजनात या शब्दाला नेमका गणिती अर्थ आहे. नदीचे अनेक वर्षांचे वार्षिक प्रवाह मोठ्याकडून लहानाकडे क्रमाने मांडले जातात. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे जेवढे किंवा ज्याहून अधिक पाणी मिळते, तो आकडा म्हणजे ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे’ पाणी. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ च्या अहवालात याच आधारावर कृष्णा खोऱ्याचे पाणी २,०६० अब्ज घनफूट धरले. दुसऱ्या लवादाने २०१० च्या निर्णयात ६५ टक्के विश्वासार्हतेचा आधारही घेतला आणि तो आकडा २,२९३ अब्ज घनफूट आला. प्रवाहांची मालिका निराळी होती हे खरे. पण सर्वसाधारण नियम असा, की विश्वासार्हतेची टक्केवारी उतरली की हिशेबातले पाणी वाढते आणि त्याबरोबर तुटीची वर्षेही वाढतात. म्हणूनच सिंचनाला सामान्यतः ७५ टक्के पुरेसे मानले जातात; पिण्याच्या पाण्यासाठी मात्र शंभराच्या जवळची विश्वासार्हता धरावी लागते.

गैरसमज होतो तो येथेच. ‘७५ टक्के विश्वासार्हता’ म्हणजे धरण दरवर्षी पाऊण भरेल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः सरासरीने चार वर्षांतून एकदा पाणी ठरल्याहून कमी येईल, असा त्याचा अर्थ आहे. ते वर्ष कोणते, हे आधी कळत नाही. आणि अशी दोन वर्षे लागोपाठही येऊ शकतात. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ या म्हणीतही दोष म्हशीचा नसतो. दुसरी शक्यता हिशेबात धरलेलीच नसते. बारमाही पाणी गृहीत धरून सर्व क्षेत्रावर ऊस लावणाऱ्याची तुटीच्या वर्षी हीच गत होते.

ही शक्यता जुन्या व्यवस्थांनी ओळखली होती. धुळे व नाशिक भागातील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्र फडांत विभागलेले असे आणि उपलब्ध पाणी पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे सामुदायिकपणे ठरे. त्यामुळे तूट आली तरी तिचा भार वाटून घेता येई. निसर्गाची अनिश्चितता त्यांना टाळता आली नाही. परंतु वाटपाची विश्वासार्हता माणसांच्या हाती होती आणि ती त्यांनी जपली.

आजही हा भेद उपयोगी आहे. पाऊस किती पडेल हे अधिकाऱ्याच्या हाती नाही. पण आवर्तन जाहीर केलेल्या तारखेस सोडणे, त्यात बदल झाल्यास वेळीच कळविणे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचविणे त्याच्या हाती आहे. पंचायत सदस्यांनी योजनेची चर्चा करताना ‘पाणी किती?’ याबरोबर ‘किती वर्षांपैकी किती वर्षे?’ हेही विचारावे. शिक्षकांना आपल्या तालुक्याच्या वीस वर्षांच्या पर्जन्यमानाचे आकडे विद्यार्थ्यांकडून उतरत्या क्रमाने लावून घेता येतील. त्यातील पंधरावा आकडा स्थूलमानाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा असेल. आणि त्याखालचे पाच आकडे, ज्या वर्षांसाठी गावाने आधीच तजवीज करावयास हवी, त्या वर्षांचे असतील.