पेट्रोलची बचत : चालकाच्या पायाखालचा हिशेब

१९७३ च्या ऑक्टोबर महिन्यात अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी पुरवठ्यात कपात केली आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे खनिज तेलाचे पिंप काही महिन्यांतच जवळजवळ बारा डॉलरवर जाऊन पोहोचले. आयातीवर अवलंबून असलेल्या भारतासारख्या देशाला हा मोठाच धक्का होता. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर भर समुद्रात तेलसाठा सापडला व १९७६ मध्ये तेथून उत्पादनही सुरू झाले. तथापि देशाची गरज त्याहून अधिक वेगाने वाढत गेली. १९७८ मध्ये इंधनबचतीच्या प्रसारासाठी केंद्र शासनाच्या पुढाकाराने पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघाची स्थापना झाली ती याच पार्श्वभूमीवर. आजही देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणावे लागते.

बचतीचा विषय निघाला की इंजिनची दुरुस्ती, प्लगची सफाई, टायरमधील हवा या गोष्टी सामान्यतः सांगितल्या जातात. त्या योग्यच आहेत. परंतु एकच मोटार एकाच रस्त्यावर दोन निरनिराळ्या चालकांनी चालविली, तर तिच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हा फरक सवयीचा असतो आणि सवय बदलण्यास पदरचा पैसा लागत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेवर रोज २५ किलोमीटर जाऊन तितकेच अंतर परत येणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण घेता येईल. महिन्याचे २४ दिवस धरल्यास त्याचा १,२०० किलोमीटर प्रवास होतो. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर चालत असेल तर २४ लिटर पेट्रोल लागते. चालविण्याची पद्धत सुधारून ती ५५ किलोमीटर चालू लागली, तर पावणेबावीस लिटरच्या आसपास पेट्रोल पुरते. शाळेच्या दहा-अकरा महिन्यांत ही बचत तेवीस-चोवीस लिटरवर जाते, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे पेट्रोल शिल्लक पडते.

ब्रेक आणि पेट्रोल

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते. तिचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने रेडिएटर व सायलेन्सर यांवाटे निघून जातो. शहरातील रहदारीत चाकांपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचतो. चालकासह १,००० किलो वजनाची लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठायी सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून मोटार थांबविली की ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. तोच वेग पुन्हा गाठावयाचा तर तिच्या पाचपट, म्हणजे जवळजवळ ७०० किलोज्यूल ऊर्जेचे पेट्रोल जाळावे लागते. हे पेट्रोल सुमारे २० मिलिलिटर भरते. असे पन्नास वेळा घडले की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापविण्यात खर्ची पडले, असे समजावे.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे थांबण्यापूर्वी वेग ६० ऐवजी ४० असेल, तर वाया जाणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते. यातून निघणारा नियम सोपा आहे. दूरवर लाल दिवा, बैलगाडी किंवा रस्ता ओलांडणारी गुरे दिसताच ॲक्सिलरेटरवरील पाय काढून घ्यावा व गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. शेवटच्या क्षणापर्यंत वेगाने जाऊन करकचून ब्रेक लावणाऱ्यास वेळेचा लाभ क्वचितच होतो; पुढच्या चौकात तो आणि मागून सावकाश आलेला चालक शेजारी शेजारीच उभे असतात. पुढील एस.टी. गाडीपासून पुरेसे अंतर राखल्यासही वारंवार ब्रेक लावावा लागत नाही आणि सुरक्षितता साधते ती वेगळीच.

मोकळ्या हमरस्त्यावर ब्रेकचा प्रश्न गौण ठरतो. तेथे मुख्य शत्रू हवेचा अवरोध हा होय. हा अवरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर गेल्यास तो पावणेदोन पटीहून अधिक होतो, आणि १०० किलोमीटरवर पावणेतीन पटींच्याही पुढे जातो. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने भारतीय मोटारींवर घेतलेल्या चाचण्यांत ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेने ४५ ते ५५ किलोमीटर वेगाला इंधनामागे ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापले गेल्याचे आढळले होते. पाच-सहा गिअरच्या आजच्या मोटारींत हा आकडा थोडाफार बदलेल. कारण मात्र तेच राहील. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल वेगमर्यादा लागू केली ती तेल वाचविण्यासाठीच. ती १९९५ पर्यंत कायद्यात होती. छतावरील कॅरिअर रिकामे असले तरी वारा अडवितेच. गरज नसताना ते काढून ठेवणे श्रेयस्कर.

घाटातील एक घातक समजूत

कसारा, खंबाटकी, कुंभार्ली यांसारख्या घाटांतून उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची सवय अनेक चालकांना असते. उतार फुकटचा आहे, मग इंजिन कशाला चालवावे, असा त्यामागील विचार. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात रुजलेली ही समजूत आज हिशेबालाही उतरत नाही. इंधन अंतःक्षेपणाची, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील फ्युएल इंजेक्शनची, व्यवस्था असलेल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्णपणे सोडला, तर इंजिनला होणारा पेट्रोलचा पुरवठाच तात्पुरता बंद होतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. उलट न्यूट्रलमध्ये टाकलेल्या गाडीचे इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल पीतच असते. म्हणजे ज्याला बचत समजले जाते, तो प्रत्यक्षात खर्च होय.

धोका त्याहून मोठा आहे. गिअरमध्ये असलेल्या गाडीला इंजिनचा जो नैसर्गिक अटकाव मिळतो, तो न्यूट्रलमध्ये नाहीसा होतो व संपूर्ण भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट लागत नाहीत. इंजिन बंद केल्यास ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणाही दोन-तीन वेळा पेडल दाबताच निकामी होते व पेडल दगडासारखे कठीण लागते. त्यातच किल्ली काढली गेली, तर सुकाणू चक्र जागच्या जागी अडकू शकते. वळणावर असे घडल्यास चालकाच्या हाती काही उरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावयाचा, हा जुन्याजाणत्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. शाळेच्या सहलीसाठी गाडी ठरविताना शिक्षकांनी चालकाला ही गोष्ट आवर्जून विचारावी.

गावाच्या रस्त्यावरचे उंचवटे

इंधनबचतीचा काही भाग ग्रामपंचायतीच्याही हाती असतो, हे सहसा लक्षात येत नाही. एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मुरूम-काँक्रीटचा उंचवटा उभा राहतो. पुढे त्याचे अनुकरण होते आणि अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात चार-पाच गतिरोधक तयार होतात. त्यांची उंची मोजलेली नसते, त्यावर पांढरे पट्टे नसतात, आधी सूचनाफलक नसतो. अशा आखूड व उंच अडथळ्यावर गाडीला जवळजवळ थांबावेच लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद व केवळ १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावयास हवा. त्यावरून गाडी न थांबता, धक्का न बसता जाते आणि वेगही आटोक्यात राहतो.

शाळा, दवाखाना, आठवडे बाजार यांजवळ गतिरोधक हवेतच. मुलाच्या जिवापुढे वीस मिलिलिटर पेट्रोलाची मातब्बरी नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा आणि जागेचा. रस्त्याच्या डागडुजीचा ठराव करताना त्याच बैठकीत गावातील गतिरोधकांचीही मोजणी व्हावी. संबंधित बांधकाम विभागाच्या संमतीने अनावश्यक उंचवटे काढले व उरलेले मानकाप्रमाणे बांधले, तर त्याचा लाभ त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला दररोज होईल. रुग्णवाहिकेतील रुग्णालाही तो होईल.

इतर गोष्टी

उभ्या स्थितीत चालू ठेवलेले लहान मोटारीचे इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खाते. रेल्वेचे फाटक बंद असेल किंवा कार्यालयाबाहेर कोणाची वाट पाहावयाची असेल, अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबावे लागणार असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचे असते. सकाळी थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही किलोमीटर पेट्रोल अधिक लागते. म्हणून टपाल, बँक व बाजार यांसाठी तीन फेऱ्या करण्याऐवजी ही कामे एकाच फेरीत उरकावीत. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याच्या सवयीने पेट्रोल आणि क्लचप्लेट दोन्हींचे नुकसान होते.

टायरमधील हवा महिन्यातून किमान दोनदा, टायर थंड असताना तपासावी. पाच पौंड हवा कमी असल्यास मोटारीचा इंधनखर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. हा आकडा लहान वाटेल, परंतु टायर लवकर झिजतो व तापून फुटण्याचा संभव वाढतो. किती हवा भरावी हे मोटारीत बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा भरणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये. एअर फिल्टर घाण झाल्याने कार्बोरेटरच्या गाड्यांचे पेट्रोल वाढते. इंजेक्शनच्या मोटारीत मात्र त्याने जोर कमी होतो, पेट्रोलवर फारसा परिणाम होत नाही. पेट्रोलच्या नळीला बांधावयाची चुंबके आणि टाकीत टाकावयाच्या गोळ्या यांच्या नादी कोणी लागू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून गाडी कमी चालते, अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्यांश आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. केवळ ऊर्जेचा हिशेब केल्यास मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट येते. या इंधनासाठी बनविलेल्या इंजिनांत ती काहीशी भरून निघते. दुसऱ्या बाजूस महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांना त्यातून बाजार मिळाला आहे आणि तितके तेल आयात करावे लागत नाही. आपली गाडी या मिश्रणासाठी योग्य आहे किंवा कसे, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

मोजल्याशिवाय बचत नाही

शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल भरत राहणाऱ्यास गाडीचे ‘ॲव्हरेज’ कधीच कळत नाही. त्यासाठी टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. काही दिवसांनी शक्यतो त्याच पंपावर टाकी पुन्हा तितकीच भरावी व मधल्या अंतरास दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. मापाबद्दल शंका असल्यास पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून दाखविण्याची मागणी ग्राहकाला करता येते.

कार्यालयीन वाहनांच्या लॉगबुकात हे आकडे असतातच. मात्र ते वाचताना एक भूल पडते. लिटरला ५० किलोमीटर चालणारी मोटारसायकल ६० चालू लागली, की मोठी सुधारणा झाल्यासारखे वाटते. १० किलोमीटर चालणारी जीप १२ वर गेली तर कोणी दखल घेत नाही. प्रत्यक्षात १,००० किलोमीटरमागे मोटारसायकलीचे ३.३ लिटर वाचतात आणि जीपचे १६.७ लिटर, म्हणजे पाचपट. म्हणून लिटरमागे किती किलोमीटर, याऐवजी शंभर किलोमीटरमागे किती लिटर, असा एक जादा रकाना लॉगबुकात आखून घ्यावा. कोणत्या वाहनाकडे आणि कोणत्या चालकाकडे आधी लक्ष द्यावयाचे, हे त्या रकान्यावरून दोन-तीन महिन्यांत स्पष्ट होते.