एकवीस दिवस आणि पहाटेचे पाच

यशस्वी होण्याचे मार्ग शिकविणारी पुस्तके हल्ली फार खपतात, आणि त्यांतील वचने आमच्या वयाची मुले मोबाइलवरून एकमेकांस नित्यनेमाने धाडीत असतात. पहाटे पाचास उठा. कोणतीही गोष्ट एकवीस दिवस करा, म्हणजे ती अंगवळणी पडते. हे ज्यास जमत नाही त्याच्या निश्चयातच खोट आहे. वाचकहो, या वचनांचे मूळ कोठे आहे ते या अभ्यासात पाहू.

प्रथम एकवीस दिवस घेऊ. ही संख्या मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यवैद्यांच्या १९६० साली निघालेल्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकातून पसरली. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसास आरशातील नवा चेहरा आपलासा वाटू लागण्यास किमान एकवीस दिवसांच्या आसपास लागतात, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. विषय होता चेहऱ्याचा. व्यायामाचा किंवा वाचनाचा नव्हे. पुढे तोंडोतोंडी जाताना 'किमान' हा शब्द गळाला आणि उरला तो नियम.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी याची कसोटी घेतली. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांपैकी प्रत्येकाने खाणे, पिणे वा व्यायाम यांतील एक लहानशी गोष्ट ठराविक प्रसंगी रोज, बारा आठवडे, करावयाची होती. ती आपोआप होऊ लागण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला. परंतु कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले. आम्हांस सहासष्टापेक्षा अठरा आणि दोनशे चोपन्न यांमधील अंतर महत्त्वाचे वाटते. पण पुस्तकांस अंतर नको असते, आकडा हवा असतो. रॉबिन शर्मा यांच्या २०१८ सालच्या 'द फाइव्ह एएम क्लब' या पुस्तकात सहासष्ट दिवसांचा नेम आलाही!

पहाटे पाचाच्या वेळापत्रकाचा एक नामांकित पूर्वज म्हणजे बेंजामिन फ्रँक्लिन. पाचास उठणे व दहास निजणे असा तक्ता त्यांच्या आत्मचरित्रात आहे, व तो आजही छापला जातो. त्याच ग्रंथात पुढे ते जे कबूल करतात, ते मात्र कोणी छापीत नाही. सुव्यवस्थेचा गुण आपणांस सर्वांत जड गेला. ज्याचा वेळ त्याच्या हाती आहे अशा छापखान्यातील कामगारास हा क्रम पाळता येईल, पण ज्यास लोकांच्या सवडीने लोकांस भेटावे लागते त्या मालकास तो तंतोतंत पाळणे शक्य नाही, असे ते लिहितात.

आपल्याकडे ब्राह्ममुहूर्त सांगितलाच आहे, असे कोणी म्हणेल. सांगितला आहे, पण तो घड्याळाचा नव्हे, सूर्याचा आहे. सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे तो लागतो व ४८ मिनिटे टिकतो. वडोदऱ्यास जानेवारीच्या मध्यास सूर्य सव्वासाताच्या सुमारास उगवतो, जूनच्या आरंभी सहाच्या आत. म्हणजे तोच मुहूर्त हिवाळ्यात पावणेसहाकडे सरकतो आणि उन्हाळ्यात सव्वाचाराकडे. शिवाय वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त ब्राह्ममुहूर्ती उठण्यास सांगितले आहे ते 'स्वस्थ' माणसास. दिनचर्येच्या पुढचाच अध्याय ऋतुचर्येचा आहे, आणि ग्रीष्मात दुपारच्या झोपेसही त्यांची मुभा आहे.

पुजाऱ्याच्या घरी वाढल्याने पहाटेचे उठणे आम्हांस नवे नाही. परंतु काकड आरतीसाठी चारास उठणारा माणूस दुपारी जेवून आडवा होतो, आणि रात्री नवास त्याचे डोळे मिटतात. पुस्तकांत त्याचे उठणे येते, निजणे येत नाही. नळाचे पाणी भरून, डबे करून देणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे पाचाच्या आत उठत आल्या आहेत. त्यांच्या उठण्यास कोणी यशाचे साधन म्हटल्याचे ऐकिवात नाही. पाचास उठून धंद्यात बुडालेला माणूसही पुस्तक लिहीत नाही.

वाग्भटांनी एक सोयही लिहून ठेविली आहे: सवय नसता जागरण घडले, तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपावे. रात्रपाळीवरून सातास परतणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांस आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "ठीक आहे, पण साडेसातास मुलांची शाळा असते, ती कोणी पोहोचवायची?"