उताराच्या शेतांतील पट्टापेर

पहिला वळीव कोसळल्यावर ओढ्याचें पाणी गढूळ होतें, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेलच. त्या पाण्याबरोबर शेताची सायच वाहून जाते. ती इंचभर पुन्हां बनण्यास शेंकडों वर्षें लागतात.

बाजरीच्या दोन ओळींमध्यें जमीन उघडी राहते. मटकी, हुलगा हीं पिकें मात्र ती झांकून टाकतात. म्हणून उतारास आडवे, समपातळीच्या रेषेंत, एक पट्टा बाजरीचा व त्याखालीं एक मटकीचा, असे आळीपाळीनें पट्टे पेरावे. वरून सुटलेलें पाणी दाट वेलांत अडखळतें, त्याचा वेग मोडतो, गाळ तेथेंच बसतो व पाणी मुरतें. पुढील वर्षीं पट्ट्यांची अदलाबदल केल्यास मटकीच्या मुळांवरील गांठींनीं जमिनींत सांठविलेल्या नत्राचा लाभ बाजरीस होतो.

अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील कून व्हॅली येथें १९३३ सालीं सरकारनें असेंच काम आरंभिलें. तेथील शेतकऱ्यांस चौकोनी शेतांचीं कुंपणें हलवून डोंगरउताराच्या वळणानें मका, ओट व गवत पेरावें लागलें. वडिलोपार्जित सरळ तास सोडणें कोणास रुचतें?

आडव्या औतानें बैल शिणतील, असें पालक म्हणतील. परंतु चढ टळल्यानें त्यांचे श्रम उलट कमीच होतात. सर्व शेतांत एकच नगदी पीक घेतां येत नाहीं, हा तोटा मात्र खरा. आणि उतार फार असेल तेथें पट्ट्यांच्या जोडीस बांधही घालावे लागतात.