लोकमत आणि लोक

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ झाला. पुढे देशी भाषांतील पत्रांचा सरकारलाही धाक वाटू लागला. १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा केवळ त्यांनाच लागू होता; इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती.

परंतु या लोकमतातील ‘लोक’ कोण? बहुजनांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. अस्पृश्यांची वेदना घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ प्रकाशित झाले. तळ्यावरील कृतीची न्याय्यता आता स्वतःच्या पत्रातून, स्वतःच्या शब्दांत मांडता येणार होती.

वर्गणीदार थोडे, द्रव्यबळ तोकडे. पुष्कळदा बाबासाहेबच सारे रकाने लिहून काढीत. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले, तरी १९३० मध्ये ‘जनता’ आले. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी छापील अक्षराचे मोल असे चुकवले आहे. आपल्या हाती आलेले पुस्तक उघडताना याचे स्मरण असावे.