एलईडी लावल्यावर इंडिकेटरची घाई

माल पोचवणाऱ्या आमच्या जुन्या गाडीला आम्ही इंडिकेटरचे एलईडी बल्ब लावले, तर ते दुप्पट वेगाने मिचकू लागले. दुकानदाराशी उगाच हुज्जत घातली. बल्ब चांगलेच होते. जुना बल्ब २१ वॅटचा, एलईडी त्याच्या मानाने फारच थोडी वीज खातो. तेव्हा जुना फ्लॅशर समजतो, बल्ब उडाला. मेकॅनिकने प्रत्येक बल्बला समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर जोडला, तोही प्लास्टिकला चिकटवून, शेजारी कापडाचे तागे! हा रेझिस्टर हात भाजेल इतका तापतो. तो पत्र्यावरच कसावा. आम्ही तो काढून एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवला. नव्या गाड्यांत सुटा फ्लॅशर बहुधा नसतो, तिथे रेझिस्टर लागतो. खाचेत बसणारा बल्ब पेटलाच नाही, तर उलटा फिरवून लावावा. एलईडीला धन-ऋण असते.